लेकीचा हिस्सा अन् हक्कसोडीची सही

मैत्रिणींनो, वडिलांच्या माघारी महिना-दोन महिन्यांत माहेराहून फोन येतो, ‘ताई, आधार कार्ड अन् दोन फोटो घेऊन ये, एक सही करायचीय.’ आपण जातो, भाऊ दाखवेल तिथं सही करतो आणि नवी साडी घेऊन परत येतो. ती सही हक्कसोड पत्रावर होती, हे कितीतरी जणींना पुढं अनेक वर्षांनी कळतं.

पूर्वी हिंदू कुटुंबातल्या वडिलोपार्जित जमिनीत जन्मानं हिस्सा असायचा तो फक्त मुलांना. महाराष्ट्रानं १९९४ साली तो मुलींनाही दिला, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या लेकी त्यातून वगळल्या. केंद्राच्या कायद्यातल्या दुरुस्तीनं ९ सप्टेंबर २००५ पासून ही अट गेली. लग्न झालेलं असो वा नसो, लेक मुलाच्या बरोबरीची झाली.

तरी घोळ संपेना. त्या तारखेला वडील हयात हवेत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये म्हटलं. २०१८ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात मात्र वडील २००१ मध्येच वारलेले असूनही मुलींना हिस्सा मिळाला. शेवटी ११ ऑगस्ट २०२० रोजी ‘विनिता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा’ खटल्यात तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला, की लेकीचा हक्क जन्मानं येतो. २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही. राखीपौर्णिमा होऊन आठच दिवस झाले होते! फक्त २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी किंवा विक्री मोडत नाही.

वडिलांनी स्वतः कमावलेली जमीन ते मृत्युपत्रानं कुणालाही देऊ शकतात. मृत्युपत्र नसेल तर आई, मुलगे, मुली यांना सारखा वाटा. मुस्लिम भगिनींचा वारसा त्यांच्या वैयक्तिक कायद्यानं ठरतो. त्यातही मुलीला हिस्सा आहेच.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात कोरडवाहू रानाला भाव नसतो तोवर बहिणीची आठवण कुणाला होत नाही. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेसारख्या कामात जमीन जायची वेळ आली, मावेजाची गोष्ट निघाली, की मग सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत हे बघितलं जातं.

हिस्सा सोडूच नका, असं माझं म्हणणं नाही. भावाचं दोन एकर रान, त्यावर सोसायटीचं कर्ज, हे बहिणीला दिसतं. समजून-उमजून सोडला तर ती माया. न वाचता सोडायला लावला तर ती फसवणूकच की!

म्हणून सही करण्याआधी दस्त कुणाकडून तरी वाचून घ्या. हक्कसोड पत्र दुय्यम निबंधकाकडं नोंदलं गेलं, की कोर्टाची पायरी चढल्याशिवाय ते सहजी फिरत नाही. फेरफाराची नोटीस आली तर पंधरा दिवसांच्या आत तलाठ्याकडं लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. वकिलाची फी कुठून आणायची ही काळजी नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. मदतीचा फोन क्रमांक १५१००.

आणि एक सांगते, राग मानू नका. माहेरी आपल्याला काही दिलं नाही म्हणून हळहळणाऱ्या आपणच सासरी नणंदेच्या सहीच्या वेळी चहा ठेवायला आत जातो. त्या दिवशी चहा जरा उशिरा ठेवा. नणंदेजवळ बसा आणि तो कागद तिला मोठ्यानं वाचून दाखवा.