फोटोत भाकरी मळकी का दिसते?

वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, लातूर जिल्ह्यातली गावं ओस पडतात आणि शिवारं गजबजतात. चाकूर तालुक्यातही मार्गशीर्षातल्या या दिवशी चूल घरी पेटली तरी जेवण रानातच. कडब्याची कोप, तिच्यात मांडलेले पाच पांडव, पूजा, आणि मग पाला आणि दाणे शिजवून केलेली भज्जी, ज्वारीची भाकरी, उंडे, गव्हाची खीर, आंबील अशी पंगत. अलीकडे पहिल्या घासाआधी मोबाईल बाहेर येतात. दुपारपर्यंत ओळखीच्या सगळ्यांच्या स्टेटसला भज्जी झळकते. कुणाची बघून तोंडाला पाणी सुटतं, कुणाची बघून भिजवलेली पेंड आठवते. सुगरणीला बोल लावू नये. घोटाळा बहुतेक वेळा उजेडाचा असतो.

भाकरीचंच बघा. समोरची वस्तू मुळात पांढरी आहे की काळी, हे कॅमेऱ्याला ठाऊक नसतं. त्याला फक्त आत आलेला उजेड मोजता येतो. दृश्य सरासरीनं मध्यम राखाडी असणार असं धरून तो उजेड कमी-जास्त करतो. जुने छायाचित्रकार यासाठी १८ टक्के प्रकाश परत पाठवणारं राखाडी कार्डच जवळ बाळगत. पांढरीशुभ्र भाकरी चौकटभर आली की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला; तो फोटो काळपटवतो आणि भाकरी मळकी दिसते. येसराच्या आमटीचं नेमकं उलटं. गडद रस्सा बघून तो उजेड वाढवतो आणि काळा मसाला धुरकट राखाडी होतो. आजचे फोन समोर काय आहे ते ओळखायची खटपट करतात, तरी या दोन पदार्थांपुढे बऱ्याचदा फसतात. उपाय फुकटचा आहे. पडद्यावर भाकरीवर बोट टेकवा आणि शेजारी उमटणारी सूर्याची खूण वर सरकवा. आमटी असेल तर खाली.

उजेड किती, यापेक्षा तो कुठून येतो हे जास्त महत्त्वाचं. भाकरीचा पापुद्रा, तव्याचे करपलेले ठिपके, धपाट्यातले तीळ हे सगळं आपल्याला दिसतं ते बारीक सावल्यांमुळे. फ्लॅश कॅमेऱ्याच्या अंगानंच पडतो, त्या सावल्या पदार्थामागे लपवतो आणि भाकरीचा कागद करून टाकतो. फ्लॅश कायमचा बंद ठेवावा, या मतावर मी ठाम आहे. उजेड बाजूनं यावा. येळवशीला निसर्गही साथ देतो. चाकूर साधारण साडेअठरा उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरअखेरीस तिथं ऐन दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर येतो. मे महिन्यात तोच अगदी डोक्यावर असतो. म्हणजे दिवसभर किरणं तिरपीच. पण उन्हात ताट ठेवलं तर सावल्या काळ्या आणि धारदार पडतात, कारण आकाशातली सूर्याची थाळी फक्त अर्ध्या अंशाची. ताट कोपीच्या तोंडाशी सावलीत घ्या. तिथं उजेड आकाशाच्या मोठ्या तुकड्यातून येतो आणि सावल्यांच्या कडा विरघळतात. घरी हेच काम उत्तरेकडची खिडकी करते.

सावलीतल्या उजेडात निळेपणा अधिक असतो. आपला मेंदू तो आपोआप वजा करतो, फोन अंदाजानं करतो आणि कधी चुकतो. स्वयंपाकघरात पंचाईत वाढते. खिडकीतून निळसर उजेड, वरून पिवळा बल्ब. एकाला दुरुस्त करावं तर दुसरा बिघडतो. दिवसा फोटो काढताना बल्ब बंद केला की अर्धी भांडणं मिटतात. भज्जीचा शेवाळी रंग मात्र दरवेळी कॅमेऱ्याच्या माथी मारता येणार नाही. पाल्यातलं हरितद्रव्य आंबटात शिजलं की त्याच्या रेणूतला मॅग्नेशियम निसटतो आणि हिरव्याचं तपकिरी होतं. वाढताना वरून मूठभर ओले हरभरे, चिरलेली कोथिंबीर टाकली तर डोळ्याला हिरवं सापडतं.

आपली खरी डोकेदुखी स्टीलचं ताट. तो आरसाच आहे. त्यात आकाश, छत आणि फोटो काढणाऱ्याचा लाल शर्टही दिसतो. आरशाचा नियम सोपा आहे, उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो. म्हणून थोडं सरकून ताटात पांढरं धोतर किंवा चुन्याची भिंत दिसेल असं बसावं. पोलराइड गॉगलची काच फोनपुढे धरून चमक मारायची युक्ती काही जण करतात. ती पाण्यावर, तेलावर चालते, धातूवर जवळपास नाही. तेलाच्या थरावरून सुमारे ५६ अंशांत परतणारा उजेड ध्रुवित असतो, त्यामुळे काच फिरवली की तर्रीची चमक नाहीशी होते. पण ती घालवायची कशाला? मिरचीचा लाल रंग पाण्यात नाही, तेलात उतरतो, म्हणून तर वर तरंगणारी तर्री लालभडक लकाकते. ती लकाकी गेली की आमटी शिळी दिसते.

जाहिरातवाल्यांचे उद्योग वेगळे. अमेरिकेतल्या कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या जाहिरातीत भाज्या तळाशी बसू नयेत म्हणून वाडग्यात काचेच्या गोट्या टाकल्या होत्या. १९७० मध्ये तिथल्या व्यापार आयोगानं त्यावरून कंपनीला आवरलं. भज्जीत गोट्यांची गरज नाही. खोल वाटीऐवजी पसरट ताटलीत वाढली की वालाचे, तुरीचे दाणे आपसूक वर दिसतात.

खिरीचा फोटो मात्र सगळ्यात आधी उरकावा. गरम असताना तूप पारदर्शक असतं, त्यातून गहू दिसतो. थंडीच्या दिवसांत ते बघता बघता गोठतं, त्यातले स्फटिक उजेड चहूकडे विखुरतात आणि खिरीवर पांढरट साय धरल्यासारखं दिसतं. म्हणून फोन आधी तयार ठेवायचा, कोन ठरवायचा आणि तूप शेवटी सोडायला सांगायचं. एवढ्यात कुणी ‘आता जेवू द्या की’ म्हणालंच, तर त्यांचंही बरोबर असतं.