केबल जोडली, पण आवाजच आला नाही! कीबोर्डवरचं संगीत कॉम्प्युटरमध्ये नेमकं जातं तरी कसं?

रील बनवायची म्हणून कीबोर्डसमोर मोबाईल ठेवून गाणं रेकॉर्ड करायचं, हा सगळ्यात सोपा उपाय. पण नंतर ऐकताना सुरांच्या मागे पंख्याची घरघर आणि कुकरची शिट्टीही येते. मग कोणीतरी सुचवतं, "यूएसबी केबल लाव की सरळ!" केबल जोडली जाते, रेकॉर्डचं बटण दाबलं जातं, पाच मिनिटं मन लावून वाजवलं जातं आणि ऐकायला गेलं की चिडीचूप शांतता.

बहुतेक वेळा यात केबलचा दोष नसतो आणि कीबोर्डचाही नसतो.

गोम अशी आहे की कीबोर्डमधून दोन वेगवेगळ्या गोष्टी बाहेर पडतात. एक म्हणजे प्रत्यक्ष आवाज, अर्थात ऑडिओ. दुसरी म्हणजे मिडी. मिडीत आवाज नसतोच. कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली आणि कधी सोडली, एवढीच माहिती त्यात आकड्यांच्या रूपात असते. मधल्या 'सी'चा क्रमांक 60, आणि जोर मोजायचा तो 127 पर्यंत. हार्मोनियमवाल्याच्या हातात नोटेशनचा कागद द्यावा, तसं हे. कागद स्वतः वाजत नाही, वाजवणारा लागतो. कॉम्प्युटरमध्ये ते काम सॉफ्टवेअरमधली वाद्यं करतात. बऱ्याच घरगुती कीबोर्डच्या यूएसबी पोर्टमधून फक्त मिडीच जातं. काही नव्या मॉडेल्समध्ये त्याच केबलमधून ऑडिओही जातो, पण ते मॅन्युअलमध्ये बघूनच ठरवावं.

ही मिडीची भानगड आली कुठून? पूर्वी एका कंपनीचा सिंथेसायझर दुसऱ्या कंपनीच्या सिंथेसायझरशी बोलायला तयार नसायचा. जानेवारी 1983 मध्ये अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-600 आणि जपानच्या रोलँडचा ज्युपिटर-6 एकमेकांना जोडून दाखवले गेले. एकावर वाजवलं की दुसराही वाजायचा. या कामासाठी डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना 2013 मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळाला.

मिडीचा फायदा मोठा आहे. चुकलेला एकच सूर माऊसने उचलून दुरुस्त करता येतो, लय वाढवता येते, बासरीवर वाजवलेलं व्हायोलिनवर ऐकता येतं. फाईल काही केबींचीच असते. त्याउलट सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ ऑडिओ मिनिटाला साधारण 10 एमबी जागा खातो.

पण आपल्याकडच्या वादकांची फसगत इथेच होते. 1991 साली 'जनरल मिडी' नावाची 128 आवाजांची प्रमाणित यादी ठरली. त्यात 105 क्रमांकावर सतार आहे, 112 वर शहनाईसुद्धा आहे, पण तबला नाही! त्यामुळे भारतीय ताल असलेल्या कीबोर्डवर झकास वाजणारा केरवा मिडी फाईल म्हणून कॉम्प्युटरवर उघडला, की तिथे तबल्याऐवजी भलतंच काहीतरी टकटक करू शकतं. तबला त्या कीबोर्डच्या पोटात असतो, फाईलमध्ये नव्हे. कीबोर्डचाच आवाज हवा असेल, तर ऑडिओचाच रस्ता धरावा लागतो.

तो रस्ता असा. कीबोर्डच्या लाईन आऊटमधून, आणि तो नसेल तर हेडफोनच्या सॉकेटमधून, केबल काढून ऑडिओ इंटरफेसला जोडायची आणि इंटरफेस यूएसबीने कॉम्प्युटरला. ऑडॅसिटीसारखं फुकट सॉफ्टवेअर रेकॉर्डिंगला पुरतं. इंटरफेस टाळून लॅपटॉपच्या माईकच्या सॉकेटमध्येच केबल खुपसण्याचा मोह होतो, पण ते सॉकेट माईकच्या क्षीण सिग्नलसाठी असतं. कीबोर्डचा दणदणीत सिग्नल तिथे फाटतो, आणि बहुतेकदा स्टिरिओचा मोनोही होतो. आवाजाची पातळी सॉफ्टवेअरमध्ये लाल रेषेला टेकणार नाही एवढीच ठेवावी. एकदा फाटलेला आवाज नंतर नीट शिवता येत नाही.

जुन्या कीबोर्डला यूएसबी नसेल, पण पाच पिनांची गोल सॉकेट्स असतील, तर यूएसबी-मिडी इंटरफेस मिळतो. कीबोर्डच्या 'आऊट'मधून निघालेली तार इंटरफेसच्या 'इन'मध्ये गेली पाहिजे. निम्म्या तक्रारी या अदलाबदलीच्याच असाव्यात. आणि प्रत्येक सूर दोनदा ऐकू येत असेल, तर कीबोर्डमधला 'लोकल कंट्रोल' बंद करायचा.

हे सगळं "कधीतरी करू" म्हणून लांबणीवर टाकणाऱ्यांसाठी एक धोका आहे. घरगुती कीबोर्डच्या मेमरीत मोजकीच गाणी मावतात. जागा भरली की नवी चाल जुन्या चालीच्या जागी बसते. जुन्या सिंथेसायझरचं तर त्याहून नाजूक आहे. 1983 मध्ये आलेल्या यामाहा डीएक्स7 मध्ये वादकाने स्वतः घडवलेले 32 आवाज आतल्या बॅटरीच्या जिवावर टिकून असतात. बॅटरी संपली की आवाज गेले. हेच 32 आवाज मिडी केबलमधून 'सिस्टीम एक्सक्लुझिव्ह' संदेशाच्या रूपात कॉम्प्युटरवर उतरवता येतात, आणि ती फाईल जेमतेम 4 केबींची होते. ती नीट उतरली आहे याची खात्री करूनच यंत्र बॅटरी बदलायला मेकॅनिककडे द्यायचं, कारण जुनी बॅटरी काढताच मेमरी पुसली जाते.