बालपुस्तकाचे हस्तलिखित आणि प्रकाशकाची पेढी

आपल्या बीड जिल्ह्यात मुलांसाठी लिहिणाऱ्यांची उणीव नाही. अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई, परळी, कुठेही जा. जिल्हा परिषदेच्या किंवा उर्दू शाळेतील एखाद्या शिक्षकाकडे, एखाद्या शिकलेल्या भगिनीकडे गोष्टींची वही सापडतेच. उणीव आहे ती ही वही बाजारात कशी न्यावी, या माहितीची. माहिती नसल्यामुळे पुष्कळ जण पदरचे पैसे देऊन पुस्तक छापून घेतात. हजार प्रती घरी येतात, शंभर-दीडशे नातलगांत वाटल्या जातात आणि बाकीचे गठ्ठे पलंगाखाली वाळवीच्या हवाली होतात. कापडाच्या धंद्यात ज्याला आपण पडून राहिलेला माल म्हणतो, तोच हा प्रकार. म्हणून हस्तलिखितापासून करारनाम्यापर्यंतचा व्यवहार येथे क्रमाने मांडत आहे.

गिऱ्हाईक कोण?

या धंद्यात वापरणारा एक आणि पैसे मोजणारा दुसरा असतो. झबल्याचे कापड आई पसंत करते, पण ते टोचले तर रडते मूल. पुस्तकाचेही तसेच आहे. पालक किंवा शाळा विकत घेते, वाचते मूल. म्हणून प्रकाशकाचा पहिला प्रश्न असतो, ‘कोणत्या वयासाठी?’ ‘सर्व मुलांसाठी’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

स्थूलमानाने तीन वयोगट धरावेत. तीन ते सहा वर्षांचे मूल ऐकते आणि चित्रे पाहते. त्याला तीनशे-चारशे शब्द पुरतात. सहा ते नऊ वर्षांचे मूल नुकते वाचू लागलेले असते. त्याच्यासाठी वाक्ये आखूड हवीत व जोडाक्षरे कमी. उर्दूत लिहीत असाल तर जेर-जबर-पेश द्यावेत. त्यापुढचे मूल प्रकरणे पाडलेली लांब गोष्ट आवडीने वाचते.

पानांचाही हिशेब असतो. छापखान्यात कागद फर्म्याने दुमडला जातो, त्यामुळे पाने आठ किंवा सोळाच्या पटीत पडतात. चित्रपुस्तके बहुधा १६, २४ किंवा ३२ पानांची असतात ती यामुळेच. आपली गोष्ट तितक्या पानांत विभागून पाहावी. प्रत्येक पानावर नवे चित्र काढण्याजोगे काही घडते का, हे तपासावे. तीन पाने नुसते बोलणेच चालले असेल, तर तेथे कात्री लावावी.

मालाची पारख

आपल्या घरची मुले आपल्या गोष्टीची तारीफच करणार. तेव्हा ओळख नसलेल्या एखाद्या वर्गात ती मोठ्याने वाचावी. मुले चुळबुळ करू लागली की तेथे खूण करावी व तो भाग पुन्हा लिहावा. शेवटी उपदेशाचे शेपूट जोडण्याची सवय आपल्याकडे फार आहे. मुलाने गोष्टीतून जे घेतले ते घेतले. तेच पुन्हा सांगितले की ते पुस्तक मिटते.

विषयासाठी राजा-राणीकडे जाण्याची गरज नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील सलीम सरदार मुल्ला वनखात्यात नोकरी करणारे. त्यांच्या ‘जंगल खजिन्याचा शोध’ या मराठी पुस्तकाला २०१९ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. ज्या जंगलात उमर घालवली, त्यातूनच त्यांचे लेखन आले. आपल्या जिल्ह्यात दसरा-दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणारी मुले आहेत. घरी दखनी आणि शाळेत मराठी बोलणारी मुले आहेत. ही मुले मराठी बालपुस्तकांत फार कमी भेटतात. जे आपल्याला जवळून ठाऊक आहे आणि बाजारात मिळत नाही, त्याला मागणी येण्याचा संभव अधिक.

पेढी पाहून माल दाखवावा

साडीच्या दुकानात सुटिंगचे नमुने कोणी नेत नाही. प्रकाशकाची सूची मागवून किंवा पाहून तो मुलांची पुस्तके काढतो का, कोणत्या वयाची काढतो, हे आधी समजून घ्यावे. मराठीत ज्योत्स्ना प्रकाशनाचे नाव बालपुस्तकांसाठी प्रसिद्ध आहे. १९५७ साली स्थापन झालेला नॅशनल बुक ट्रस्ट मराठी आणि उर्दू दोन्ही भाषांत बालपुस्तके काढतो. नव्या लेखकाने आधी मासिकात गोष्ट छापून आणणे चांगले. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ मध्ये सुरू झाले. उर्दूसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय उर्दू परिषदेने २०१३ मध्ये ‘बच्चों की दुनिया’ सुरू केले. मासिकात आलेली गोष्ट प्रकाशकाला दाखवता येते.

पाठवताना एका पानाचे पत्र जोडावे. त्यात वयोगट, शब्दसंख्या, गोष्टीचा सारांश चार ओळींत आणि स्वतःची ओळख दोन ओळींत असावी. मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला, ओळींत मोकळी जागा सोडलेला, पृष्ठांक घातलेला असावा. गोष्ट चित्रपुस्तकाची असेल तर ती पूर्ण पाठवावी. मूळ प्रत कधीही देऊ नये. चित्रकाराला पैसे देऊन चित्रे काढून घेण्याचे कारण नाही. चित्रकार प्रकाशक निवडतो. माधुरी पुरंदरे यांच्यासारखे स्वतः लिहून स्वतः चित्रे काढणारे असतील तर गोष्ट वेगळी. तीन महिने वाट पाहून एकदा विनम्र स्मरणपत्र पाठवावे. नकार आला तर तो त्या पेढीचा नकार समजावा व दुसरी पेढी गाठावी.

करारनामा

सर्वांत मोठे नुकसान येथे होते. गोष्ट लिहून झाली की तिचा कॉपीराइट आपोआप लेखकाचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. तो लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षे टिकतो, म्हणजे ही मुलाबाळांना जाणारी मिळकत आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्काचे हस्तांतर लेखी व सहीनिशीच व्हावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. वेगळे काही ठरले नसेल, तर वर्षभरात हक्क न वापरल्यास हस्तांतर रद्द होते. म्हणून ‘सर्व हक्क कायमचे प्रकाशकाकडे’ असा मजकूर असेल तर सही करण्याआधी थांबावे. भाषांतर, ध्वनिमुद्रण आणि चित्रपट यांचे हक्क वेगळे लिहून घ्यावेत.

मोबदल्याचा हिशेब साधा आहे. ६० रुपये किमतीच्या हजार प्रती विकल्या गेल्या आणि मानधन दहा टक्के ठरले असेल, तर लेखकाला सहा हजार रुपये मिळतील. चित्रकाराचा वाटा त्यातून जाणार की वेगळा, हे आधीच ठरवावे. दुकानदार पुष्कळदा पुस्तके जांगड घेतात, न विकलेली परत करतात. तेव्हा मानधन छापलेल्या प्रतींवर की विकलेल्या प्रतींवर, आणि हिशेब वर्षातून केव्हा मिळणार, हेही कागदावर असावे.

जो प्रकाशक छपाईचा खर्च लेखकाकडून मागतो, तो माल विकत घेत नाही, छपाई विकतो. पैसे त्याला आधीच मिळालेले असल्यामुळे पुस्तक विकण्याची त्याला घाई नसते. पहिल्याच पुस्तकासाठी मदत हवी असेल, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे; तीत बालवाङ्मयाचाही समावेश होतो. अर्जाची मुदत आणि नियम मंडळाच्या जाहिरातीत पाहावेत, आणि आपली वही तोपर्यंत स्वच्छ टाइप करून ठेवावी.