डेमो पीसच्या मागे

ग्रँट रोड स्टेशनातून बाहेर पडून लॅमिंग्टन रोडला लागलं, की २००२-०३ च्या सुमारास दर दुसऱ्या गाळ्यातून ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ ऐकू यायचं. तेही ईगल्सनी ‘हेल फ्रीझेस ओव्हर’मध्ये प्रेक्षकांसमोर वाजवलेलं. त्यात गिटारींच्या पाठोपाठ जे खोल ठोके पडतात, ते सबवूफर विकण्यासाठीच घातलेत, असं आम्हा काउंटरवरच्या पोरांचं ठाम मत होतं. गाण्याचे शब्द सुरू व्हायच्या आत सौदा झालेला असायचा. पुढचं गाणं मी नोकरीत असताना फारसं ऐकलेलंच नाही.

घरातल्या कॉम्प्युटरला ५.१ स्पीकर लावायचं वेड तेव्हा ऐन भरात होतं. साउंड ब्लास्टर लाइव्ह ५.१ कार्ड बाजारात येऊन रुळलं होतं, डीव्हीडी ड्राइव्ह परवडू लागला होता. दुकानात दोन-तीन सेट शेजारीशेजारी मांडलेले असत आणि गिऱ्हाइकाला वाटे, आपण कानाने निवड करतोय. कानाची एक खोड मात्र त्याला ठाऊक नसे: एकाच गाण्याचे दोन आवाज ऐकवले, तर त्यातला किंचित मोठा असतो तोच माणसाला चांगला वाटतो. ज्या सेटमध्ये जास्त सुटायचं, त्याचा नॉब आमच्याकडे कायम केसभर पुढे असे. त्याचा वूफर कोपऱ्यात ठेवलेला. दोन भिंती आणि जमीन मिळून फुकटात धमक वाढवतात, त्यासाठी कंपनीला वेगळं काही करावं लागत नाही.

खोक्यावरचे आकडे ही आणखी एक करामत. ‘३,००० वॉट पीएमपीओ’ हे खोक्याच्या चारही बाजूंना छापलेलं असे. पीएमपीओ मोजायची सर्वमान्य रीतच नाही, त्यामुळे ज्याला जो आकडा शोभेल तो त्याने छापावा. खरा आकडा आरएमएसचा, म्हणजे सलग वाजवत राहिल्यावर मिळणाऱ्या ताकदीचा. तो बारीक अक्षरात, असलाच तर. एकदा वीज मंडळातून निवृत्त झालेले एक काका आले. त्यांनी गाणं लावूच दिलं नाही. “बाळ, हा वूफर जरा उलटा कर.” मागच्या पट्टीवर लिहिलं होतं, ४५ वॉट. काका शेठकडे वळले. “भिंतीतून पंचेचाळीस वॉट घेतो आणि तीन हजार देतो? मंडळात असताना तुमची गाठ पडायला हवी होती.” मग त्यांनी हिशेबच मांडला. २३० व्होल्टवर तीन हजार वॉट म्हणजे १३ अँपिअर, म्हणजे गिझरचं जाड सॉकेट लागेल. आणि याला पिन दिलीय दाढीच्या मशीनची. शेठ गल्ल्यावरून हलले नाहीत. “काका, वो चायना का वॉट है,” एवढंच म्हणाले. काकांनी सेट घेतला, पण पंचेचाळीस वॉटच्या भावात.

‘पॉइंट वन म्हणजे काय हो?’ हाही रोजचा प्रश्न. आम्ही वूफरच्या डब्याकडे बोट दाखवायचो. त्यामागचा किस्सा मला फार नंतर वाचायला मिळाला. १९८७ मध्ये अमेरिकेत सिनेमाच्या डिजिटल आवाजाला किती चॅनल हवेत यावर तंत्रज्ञांच्या समितीत खल चालला होता. लुकासफिल्ममध्ये टीएचएक्स घडवणारे टॉमलिन्सन होल्मन म्हणाले, पाच पॉइंट एक. खालच्या खर्जासाठी जो वेगळा चॅनल हवा, तो १२० हर्ट्झपर्यंतच जातो. पूर्ण चॅनल जातो २४,००० पर्यंत. काटेकोर हिशेबाने ते ५.००५ व्हायला हवं होतं. पण ते कोणाच्या जिभेवर बसणार? होल्मननी सरळ ५.१ करून टाकलं. म्हणजे खोक्यावरचे आकडे फुगवायची कला आमच्या रस्त्यावर जन्मली नव्हती, हे वाचून बरं वाटलं.

खरी गंमत सेट घरी पोचल्यावर सुरू व्हायची. मोठं खोकं लोकलच्या मालडब्यातून डोंबिवलीला किंवा विरारला जायचं आणि रविवारी आमच्यापैकी कोणीतरी जोडायला जायचं. दहा बाय दहाची खोली. कॉम्प्युटरचं टेबल भिंतीला चिकटलेलं, खुर्चीच्या मागे पलंग, एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला लोखंडी कपाट. मागचे दोन स्पीकर खरं तर खुर्चीच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे, समोरच्या दिशेपासून साधारण ११० अंशांवर हवेत. तिथे एकीकडे दार उघडतं आणि दुसरीकडे कपाट. वायर पुरत नाही. पुरली, तर केसिंग-पट्टी ठोकायला घरातली आई तयार नाही, कारण गेल्याच दिवाळीत रंग दिलाय. शेवटी पाचही डबे मॉनिटरच्या आजूबाजूला, वर्गाचा फोटो काढावा तसे ओळीने उभे राहायचे. कितीतरी घरांत मी हीच रांग पाहिली. पैसे पाच दिशांचे मोजलेले आणि आवाज एकाच दिशेने!

मधला सेंटर स्पीकर मॉनिटरच्या डोक्यावर ठेवायचा रिवाज होता. मॉनिटर तेव्हा काचेच्या नळीचे. स्वस्त स्पीकरच्या चुंबकाला आवरण नसे, त्यामुळे पडद्याच्या वरच्या कडेला जांभळा डाग पडे आणि फोन यायचा, “तुमच्या स्पीकरने आमचा कॉम्प्युटर बिघडवला.” डबा एक हात लांब ठेवा आणि मॉनिटरचं डिगॉसचं बटण दाबा, एवढं सांगितलं की काम भागायचं.

दुसरा फोन ठरलेला: “मागचे दोन मुके आहेत.” निम्म्या घरांत सेटला काहीच झालेलं नसे. तिथे व्हीसीडी चालू असायची आणि व्हीसीडीत आवाज दोनच चॅनलचा. मागच्यांसाठी त्यात काही नाहीच. उरलेल्या घरांत मदरबोर्डला तीनच भोकं असत. त्यात सॉफ्टवेअरमध्ये जाऊन निळ्या आणि गुलाबी भोकांना ‘तुम्ही आता बाहेर आवाज सोडणारे’ असं सांगावं लागे. गुलाबी भोक त्यात गेलं, की माइक कुठे लावायचा हा पुढचा फोन.

सबवूफरचं मात्र आम्हाला एका जुन्या मेकॅनिकने शिकवलं. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा सूर अडकून फुगतो. खोली चौरस असली, तर लांबीतही तोच आणि रुंदीतही तोच, म्हणजे दुकानात भरदार वाटलेला वूफर घरी नुसता घुमणार, आणि कपाटाचं दार खडखडणार ते वेगळंच. त्याचा उपाय असा: वूफर उचलून खुर्चीवर ठेवायचा, गाणं लावायचं आणि आपण गुडघ्यांवर रांगत खोलीभर ऐकत फिरायचं. जिथे खर्ज सारखा ऐकू येईल, तिथे वूफर. शास्त्र अगदी बरोबर आहे. पण ज्या घरात नवा जावई येऊन बसलेला होता, तिथेही तो मेकॅनिक रांगला.

दुकानातल्या पोरांच्या स्वतःच्या घरी काय होतं? बहुतेकांकडे २.१, काहींकडे नुसती जोडी. सहा हजार सहा डब्यांत वाटले की एकेकाच्या वाट्याला काय येणार, हे खोकी उघडणाऱ्याला कळतंच. अपवाद काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्यांचा. मागून येणाऱ्याची पावलं मागेच ऐकू येणं ही त्यांची खरी गरज होती; ते वायर दाराच्या चौकटीवरूनही फिरवून न्यायचे. पुढे २००७ मध्ये व्हिस्टा आलं आणि कार्डाच्या चिपवर होणारं त्रिमितीय आवाजाचं काम विंडोजने बंद केलं. तोवर ही पोरं हेडफोनकडे वळू लागली होतीच.

एक गिऱ्हाईक मात्र सांगायलाच हवं. तबल्याच्या शिकवण्या घेणारे एक गुरुजी गिरगावातून चालत आले. हातात स्वतःची सीडी, एकल तबला. म्हणाले, “आवाज कमी ठेवा.” आमच्या दुकानात हे वाक्य नवीनच होतं. डग्ग्यावर मनगट सरकवल्यावर सूर खालून वर चढत जातो, ते ऐकायला ते पुढे वाकले. आमच्या सर्वांत खपणाऱ्या ५.१ वर तो सूर चढेचना. हलका हात असो की घिस्सा, प्रत्येक वेळी एकच ‘धम्म’. त्यांनी पुढचा सेट मागितला, मग त्याच्या पुढचा. शेवटी खालच्या फळीवरची, धूळ बसलेली, वूफर नसलेली लाकडी जोडी लावली. डग्गा बोलला. गुरुजींनी तीच बांधायला सांगितली. त्या जोडीत आम्हाला चहापुरतेही सुटत नव्हते.

त्यांना विचारून मी त्या सीडीची एक कॉपी मारून घेतली. पुढच्या आठवड्यात एक जोडपं आमचा सर्वांत महागडा सेट घेण्याच्या बेतात असताना मी ती लावली, आणि ते दोघं विचार करून येतो म्हणून गेले. संध्याकाळी शेठनी सीडी ड्राइव्हमधून काढली, स्वतःच्या ड्रॉवरमध्ये टाकली आणि ड्रॉवरला कुलूप लावलं.