भीमेच्या दोन्ही काठांवर

शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. रांजणगाव सांडसजवळ तिला मुळा-मुठा मिळते आणि पुणे शहराच्या सांडपाण्यासोबत तिथल्या प्लास्टिक पिशव्याही इथवर येतात. पुढे घोड नदीचं पाणी मिळून हा सारा प्रवाह उजनी धरणात साठतो. म्हणून बाजारतळावर टाकलेली पिशवी गावापुरती राहत नाही.

या पिशव्यांचा मोठा धोका जनावरांना. शिळ्या अन्नासकट गिळलेली पिशवी पचत नाही, ती पहिल्या पोटात साठत जाते. रवंथ मंदावतं, दूध घटतं. गुंता मोठा असेल तर पोट उघडण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. दुधावर घर चालणाऱ्या या भागात हे नुकसान थेट घरात पोचतं.

राज्याने 23 मार्च 2018 रोजी प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली. पहिला दंड 5,000 रुपये, दुसरा 10,000. तिसऱ्यांदा 25,000 आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. तरी भाजीवाल्याकडे पातळ पिशवी मिळतेच, कारण गिऱ्हाईक रिकाम्या हाताने येतं. जुन्या साडीची वा धोतराची शिवलेली पिशवी गाडीच्या डिकीत कायम ठेवली, की प्लास्टिकची मागावी लागत नाही. मासळी-मटणासाठी घरून डबा न्यावा.