दिग्व्रत आणि परदेशवारी

सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या घराघरांतून प्रवासाची धांदल सुरू होते. बॅग काट्याला अडकवून तिचे वजन पाहिले जाते. खाकरे, ठेपले, कोरड्या चटण्यांची पाकिटे मोजून भरली जातात. कुणी व्यापारानिमित्त अँटवर्पला वा हाँगकाँगला निघतो, कुणी लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला, तर कुणी केवळ सहलीला. व्हिसा, विमा, परकीय चलन, सर्वांची जय्यत तयारी असते. एक तयारी मात्र बहुधा राहून जाते. आपण कोठवर जाणार, कशासाठी जाणार आणि केव्हा परतणार, हे स्वतःच्या मनाशी ठरविण्याची.

आपल्या श्रावकाचारात या तयारीला नाव आहे. बारा व्रतांतील सहावे ते दिग्व्रत. दहाही दिशांना आपल्या जाण्या-येण्याची सीमा आखून घ्यायची आणि ती पाळायची. हीच मर्यादा ठराविक काळापुरती आणखी आखडून घेणे म्हणजे देशावकाशिक व्रत. व्यापाऱ्याचे पाऊल जेथवर जाते तेथवर त्याचा आरंभ-समारंभ जातो आणि लोभही जातो, हे आपल्या आचार्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी प्रवासाला बंदी केली नाही, त्याला कुंपण घातले.

या व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. वरची, खालची आणि तिरपी सीमा ओलांडणे हे पहिले तीन. चौथा क्षेत्रवृद्धी, म्हणजे लोभाने ठरविलेले क्षेत्र वाढवीत जाणे. पाचवा स्मृत्यंतराधान, म्हणजे सीमा कोणती होती याचेच विस्मरण होणे. नुसते विसरणे हाही दोष कसा, असा प्रश्न मला तरुणपणी पडत असे. त्याचे उत्तर मला एका परदेशवारीने दिले.

आमची डाळ मिल आहे. दाणे रंगानुसार निवडणारे यंत्र पाहण्यासाठी मी पंधरा वर्षांपूर्वी जर्मनीला गेलो. बारा दिवसांत परतायचे ठरले होते. दहाव्या दिवशी काम आटोपले. सोबतचे व्यापारी म्हणाले, एवढे आलोच आहोत, तर स्वित्झर्लंड आणि पॅरिस करूनच जाऊ. तिकिटे बदलली. आठ दिवस वाढले. मी घरी फोन केला तेव्हा आई एवढेच म्हणाली, “ये सावकाश. जपून राहा.”

परतल्यावर दुसऱ्या दिवशी पत्नीने सांगितले, “तुम्ही सुखरूप घरी येईपर्यंत आईंनी एकासणे धरले होते. तुम्हाला कळवायचे नाही, असे त्यांनी बजावले होते.” आईचे वय तेव्हा एकाहत्तर होते. मी बर्फात छायाचित्रे काढीत होतो, त्या आठही दिवशी ती एकदाच जेवत होती. तिने एका शब्दाने मला बोल लावला नाही. जवळ बसवून फक्त विचारले, “काय काय पाहिलेस?” कारखान्यातील बारा दिवसांचे मी तासभर सांगू शकलो. पुढच्या आठ दिवसांचे सांगण्यासारखे माझ्याजवळ फारसे काही नव्हते. क्षेत्रवृद्धी आणि स्मृत्यंतराधान या दोन शब्दांचा अर्थ मला त्या दुपारी कळला.

घरच्यांनी मायेपोटी काही लपवावे आणि परतणाऱ्याला ते उंबरठ्यावर कळावे, असे महात्मा गांधींच्याही वाट्याला आले होते. त्यांचे दुःख अर्थातच फार मोठे होते. 4 सप्टेंबर 1888 रोजी ते मुंबईहून विलायतेस निघाले. आई पुतळीबाई त्यांना पाठवायला तयार नव्हत्या. तेव्हा बेचरजी स्वामी या जैन साधूंनी मोहनदासांना मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा दिली आणि मातेने अनुज्ञा दिली. लंडनमध्ये कित्येक दिवस अर्धपोटी काढल्यावर त्यांना फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह सापडले. तेथेच त्यांनी हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरील पुस्तक विकत घेतले. तोवर ते आईला दिलेल्या शब्दाखातर मांस वर्ज्य करीत होते. ते वाचल्यानंतर शाकाहार ही त्यांची स्वतःची निवड झाली. सोबत नेलेला नियम परदेशात नुसता टिकला नाही, तो समजला. सजग प्रवासाचे याहून मोठे फळ कोणते?

1891 साली ते परतले तेव्हा पुतळीबाई हयात नव्हत्या. परक्या देशात मुलाला धक्का बसू नये म्हणून ती वार्ता त्यांना कळविलेली नव्हती. त्याच सुमारास मुंबईत त्यांची श्रीमद् राजचंद्रांशी ओळख झाली. हिरे-मोत्यांचा व्यवहार सांभाळत आत्मचिंतनात रमणारा हा तरुण जव्हेरी पुढे गांधींचा आध्यात्मिक आधार ठरला. विलायत पाहून आलेल्या बॅरिस्टरला तो आधार सापडला, तो स्वदेशी परतल्यावर.

समुद्र ओलांडला म्हणून ज्ञातीने त्यांना वाळीत टाकले होते. वडीलबंधूंनी त्यांना नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घडविले आणि राजकोटला ज्ञातिभोजन दिले. शिकागोच्या 1893 च्या सर्वधर्मपरिषदेत जैन धर्म मांडणारे वीरचंद राघवजी गांधी यांनाही परतल्यावर समाजातील काहींचा विरोध सोसावा लागला. आज समुद्रबंदी उरली नाही, हे योग्यच झाले. परंतु परतणाऱ्याने घरच्यांसमोर बसून आपला हिशेब द्यावा, ही चांगली गोष्टही त्याबरोबर मागे पडली.

ती पुन्हा सुरू करणे अवघड नाही. आमच्या घरी आता निघण्याच्या आदल्या संध्याकाळी प्रवासी एका कागदावर चार ओळी लिहितो: जाण्याचा हेतू, परतीचा दिवस, खर्चाची मर्यादा आणि पाळावयाचे नियम. नियम पेलतील एवढेच घ्यावेत. लंडनला जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो आणि डिसेंबरात चारच्याही आधी. तेथे चौविहार कसा पाळणार, याचा विचार घरीच केलेला बरा. तेथे गेल्यावर रोज एक सामायिक, म्हणजे अवघी 48 मिनिटे, स्वतःसाठी राखावीत. काही कारणाने परतीचा दिवस बदलावा लागला, तर घरी नुसते कळवू नये, विचारावे.

आणि परतल्यावर, भेटवस्तूंची बॅग उघडण्यापूर्वी, तोच कागद काढावा. दुकानात आपण रोजमेळ जुळविल्याशिवाय उठत नाही. मग एवढ्या मोठ्या प्रवासाची शिल्लक का काढू नये? कोणता नियम टिकला, कोणता सुटला, परक्या माणसांकडून काय शिकलो, कुणाला आपल्यामुळे त्रास झाला, हे घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे मोकळेपणाने सांगावे.

आई आता नाही. गेल्या वर्षी माझी मुलगी सिंगापूरहून आली, तेव्हा तिने आपला कागद माझ्या हाती ठेवला. चारपैकी एका नियमापुढे तिने लिहिले होते, “सुटला”. मी काही बोललो नाही. जवळ बसवून एवढेच विचारले, “काय काय पाहिलेस?”