डिस्क भरली, आता काय?

कॉम्प्युटर नाहीतर आयटीला अ‍ॅडमिशन मिळाली की घरच्यांच्या लेखी आपण लगेच कॉम्प्युटरचे डॉक्टर होतो. काकांचा प्रिंटर, मावशीचा मोबाईल, आणि मग कधीतरी ओळखीतला दुकानदार म्हणतो, "हार्ड डिस्क भरली रे, जरा मोठी टाकून दे ना." वाक्य एवढंसं, पण त्यात त्या माणसाचा अख्खा धंदा अडकलेला असतो. हॉस्टेलमधल्या प्रत्येकावर ही वेळ येणार आहे, म्हणून हा लेख. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या!)

मी भाईंदरचा. आमच्याकडे ईस्टला गाळ्यागाळ्यांतून स्टीलची भांडी बनतात. त्यांचा डेटा म्हणजे टॅलीची फाईल आणि बिलं. जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात हे खरं, पण ते सगळं एका पेन ड्राईव्हवर मावतं. अशा माणसाला चार डिस्कचा डबा विकणं म्हणजे सरळ फसवणूक. त्याला रोजचा बॅकअप लावून द्या आणि चहा पिऊन परत या.

खरी गरज आहे लग्नाचं शूटिंग करणाऱ्या स्टुडिओवाल्याला. हिशेब करून बघा. फोर-के व्हिडिओ १०० मेगाबिट प्रति सेकंद या वेगाने रेकॉर्ड केला तर एका कॅमेऱ्याचे तासाला ४५ जीबी होतात. तीन कॅमेरे, प्रत्येकी चार तास, म्हणजे एका लग्नाचे ५४० जीबी. पंधरा लग्नांत ८ टीबीची डिस्क फुल्ल! (विंडोज तीच डिस्क ७.२७ टीबी दाखवतं, कारण डिस्क बनवणारे हजाराने मोजतात आणि विंडोज १०२४ ने. दुकानदाराशी भांडू नका.) आणि लग्न काही परत लावता येत नाही.

इथे येतो रेड अ‍ॅरे. रेड म्हणजे पोलिसांची धाड नव्हे! १९८८ साली अमेरिकेत बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी एक पेपर लिहिला. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी बऱ्याच स्वस्त डिस्क एकत्र जोडा आणि एखादी मेली तरी काम चालू राहील अशी सोय करा, असं त्यांचं म्हणणं होतं. रेड १ मध्ये दोन डिस्कवर तोच डेटा असतो, आरशासारखा. रेड ५ मात्र भिशीच्या वहीसारखा समजा. तिघांनी पैसे भरले, तिघांची तीन पानं, आणि चौथ्या पानावर फक्त बेरीज. एकाचं पान फाटलं तरी बेरजेतून बाकीचे दोघे वजा केले की त्याचा आकडा मिळतो. दोन पानं फाटली की संपलं. (आत बेरीज नसून एक्सॉर असतो आणि तो सगळ्या डिस्कवर वाटलेला असतो, हे मला माहीत आहे. डिजिटलवाल्यांनी हात खाली घ्यावेत.)

८ टीबीच्या चार डिस्क घेतल्या तर रेड ५ मध्ये २४ टीबी वापरायला मिळतात, आरशाच्या दोन जोड्या केल्या तर फक्त १६. साहजिकच सगळे रेड ५ कडे धावतात. पण विचारायचा प्रश्न "जागा किती?" हा नाही. प्रश्न दोन. एक डिस्क मेल्यावर काय होतं? आणि जागा वाढवताना काय होतं?

डिस्क मेली की नवीन घालून ती भरून काढावी लागते, त्याला रीबिल्ड म्हणतात. सेकंदाला १५० एमबी धरले तर ८ टीबीला साधारण १५ तास लागतात, आणि सोबत एडिटिंग चालू असेल तर बरेच जास्त. रेड ५ मध्ये तेवढा वेळ उरलेल्या तिन्ही डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे २४ टीबी. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकावर बऱ्याचदा लिहिलेलं असतं की १० च्या चौदाव्या घाताएवढ्या बिटांमागे एखादा भाग वाचता न येण्याची शक्यता आहे. हे होतात साडेबारा टीबी! प्रत्यक्षात डिस्क त्याहून बऱ्या वागतात, पण दुसऱ्याच्या धंद्यावर एवढा जुगार मी खेळणार नाही.

जागा वाढवतानाही तसंच. रेड ५ मध्ये चौथी डिस्क घातली की जुना सगळा डेटा नव्याने मांडला जातो. झेडएफएसमध्ये तर तयार रेड-झेड गटात एक सुटी डिस्क घालायची सोय अनेक वर्षं नव्हतीच, ती ओपन झेडएफएस २.३ मध्ये जानेवारी २०२५ ला आली. ड्रोबो नावाच्या डब्यात लहानमोठ्या कुठल्याही डिस्क घाला आणि निवांत राहा असं होतं. पण मांडणी त्यांची स्वतःची, आणि कंपनी २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली. डबा बिघडला तर डिस्क दुसऱ्या कशात वाचायच्या? म्हणून डबा घेताना हे जरूर विचारा. लिनक्सच्या एमडी रेडवर बनवलेला अ‍ॅरे कुठल्याही लिनक्स पीसीला डिस्क जोडून वाचता येतो.

माझं मत असं: चार खणांचा डबा घ्यावा आणि सुरुवातीला दोनच डिस्कचा आरसा करावा. भरला की दुसरी जोडी घालून दुसरा आरसा. जुन्या डेटाला हातच लागत नाही, आणि एक मेली तर फक्त तिच्या जोडीदाराला वाचावं लागतं. ८ टीबी कमी मिळतात, मिळू देत. वेगासाठी महागड्या डिस्क घ्यायचीही गरज नाही, कारण साध्या गिगाबिट लॅनमधून सेकंदाला ११०-११५ एमबीपेक्षा जास्त काही जातच नाही. फक्त डिस्क सीएमआर आहे ना ते बघा. २०२० मध्ये उघड झालं की वेस्टर्न डिजिटलने 'रेड' मालिकेतल्या (हा रेड मात्र लाल!) काही डिस्कमध्ये न सांगता एसएमआर तंत्र वापरलं होतं. त्यात ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर येतात आणि रीबिल्ड रखडतो. वाचलेल्या पैशांत यूपीएस घ्या. लिहिता लिहिता लाईट गेली की भिशीची बेरीज आणि पानं जुळत नाहीत.

आणि रेड म्हणजे बॅकअप नाही! चुकून डिलीट केलेलं फोल्डर दोन्ही आरशांतून एकाच क्षणी जातं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. तसं पाणी तळमजल्याच्या गाळ्यात शिरलं तर चारही डिस्क एकत्रच बुडणार. तेव्हा डबा माळ्यावर ठेवा आणि एक सुटी डिस्क दर आठवड्याला मालकाच्या घरी, वरच्या मजल्यावर जाऊ द्या.

शेवटचं काम पहिल्याच दिवशी करायचं, एकही लग्न आत टाकण्याआधी. नुसत्या खोट्या फाईल्स भरा आणि डबा चालू असताना मालकासमोर एक डिस्क ओढून काढा. फाईल उघडते का? मालकाला कळेल असा भोंगा वाजतो का, ईमेल येतो का? मग ती डिस्क पुसून परत घाला आणि रीबिल्डला किती तास लागले ते लिहून ठेवा. प्रत्येक खणावर डिस्कचा सिरियल नंबर चिकटवा, मोठ्या अक्षरात. वर्षभराने तुम्ही हॉस्टेलवर असताना फोन येईल, "लाल दिवा लागलाय, कुठली काढू?" तेव्हा पलीकडच्या माणसाने चांगली डिस्क ओढायला नको.